वाळू संपेपर्यंत

माझा दादा माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, पण शाळेत आम्ही पहिल्यापासून एकाच वर्गात. तो नापास झाला म्हणून नव्हे. त्याला ऑटिझम आहे असं कळल्यावर आईबाबांनी त्याला मुद्दाम वर्षभर घरी ठेवलं, माझं शाळेत जायचं वय होईपर्यंत. म्हणजे बाकावर त्याच्या शेजारी घरचं माणूस हवं, आणि ते माणूस म्हणजे मी. तेव्हापासून माझं नाव शेपूट. खरं नाव फक्त हजेरीपुरतं. वर्गातल्या बाईसुद्धा म्हणायच्या, "शेपटे, दादाला पाणी हवंय का बघ गं."

आणि आधीच सांगून टाकते, मी दादावर जळते. आजही थोडी जळते. हे ऐकून लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "अगं, त्याच्यावर कसली जळतेस? देवाने तुला सगळं दिलंय!" असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी आठवडाभर राहून बघावं, मग बोलावं.

दादा उंच आहे, चालताना खांदे जरा पुढे पडतात. नव्या शर्टाच्या कॉलरमागची पट्टी कापल्याशिवाय तो शर्ट अंगाला लावत नाही. त्याला काही विचारलं की प्रश्नातला शेवटचा शब्द तो स्वतःशी एकदा म्हणतो, मग गप्प होतो, आणि उत्तर यायचं तेव्हा येतं. बाबा बस चालवतात म्हणून असेल किंवा कशानेही असेल, पण थांब्यावर आलेली बस सोडणं त्याला जमतच नाही. लहानपणी एकदा आई चप्पल घालत होती तेवढ्यात हा एकटाच बसमध्ये चढून बसला होता. आई रडत रडत पुढच्या थांब्यापर्यंत धावली, आणि हा खिडकीत मजेत.

लोकांना वाटतं, अशा मुलांना काहीतरी अचाट येत असणार. मामा तर पाहुणे आले की दादाला मोठमोठे गुणाकार घालायचा. दादाला गुणाकार माझ्याइतकेच येतात, म्हणजे बेताचेच. मग पाहुण्यांपेक्षा मामाचाच हिरमोड व्हायचा. दादाला वेड एकाच गोष्टीचं, खुर्च्यांचं. तेही वरून नाही, खालून. कुणाच्या घरी गेलं की हा सरळ फरशीवर उताणा पडणार आणि खुर्चीखाली डोकं घालणार. वर घरमालक बसलेला असला तरी याला काही नाही. आई शरमेने अर्धी व्हायची आणि मला म्हणायची, "शेपटे, काढ त्याला बाहेर." मी पाय धरून काढायची.

घरात मला दुसरंही काम होतं. दादाचं तोंड होण्याचं. "याला भूक लागलीये का गं?" "याला बरं वाटत नाहीये का?" "याला हा रंग आवडेल का?" प्रश्न त्याच्याबद्दल, पण डोळे माझ्याकडे. दादा शेवटचा शब्द पुटपुटतोय तोवर माझं उत्तर देऊन व्हायचं. कामाचा कंटाळा यायचा आणि त्या कामाचा तोराही होता, दोन्ही एकदमच. सगळ्या नातलगांत दादाला ओळखणारी एकटी मीच, असं आईच म्हणायची.

शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे बारावीचं, सुरू झालं तेव्हा पुढचं सगळं ठरल्यासारखंच होतं. मामाचं झेरॉक्सचं आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याच्या मागच्या भागात दादासाठी एक टेबल टाकायचं. "अशी मुलं कॉम्प्युटरवर सोनं करतात," मामा छातीठोकपणे सांगायचा. दुकानाच्या समोर एक कॉलेज आहे, तिथे मी जायचं. जाताना दादाला दुकानात सोडायचं, येताना घेऊन यायचं. त्या कॉलेजात मी काय शिकायचं? जे तिथे शिकवतात ते. मला कुणी विचारलं नव्हतं. दादालाही विचारलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यापुरती आमची बरोबरी होती.

ती मोडली शाळेतल्या ताईंनी. दादासारख्या मुलांसाठी शाळेने नेमलेल्या समुपदेशक, आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. त्यांनी आईबाबांना आणि मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तो अठराचा होईल. त्याचं आयुष्य कसं असावं हे त्याचं त्याला ठरवू द्या."

"आम्ही विचारतोच की त्याला," आई म्हणाली.

"विचारता. पण थांबता का?"

आणि ताईंनी पिशवीतून एक घड्याळ काढलं. वाळूचं. अंडी उकडताना लावतात तसलं, लाकडी चौकटीत बसवलेलं, आत निळी वाळू. नियम सोपा होता. दादाला प्रश्न विचारायचा, घड्याळ उलटं करून ठेवायचं आणि वाळू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. "विशेषतः तू," ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला तेव्हाच त्या घड्याळाचा राग आला.

पुढचे काही महिने आमच्या घरात काय चाललं होतं हे शेजाऱ्यांना कधी कळलं नाही, बरंच झालं. आई खालचा ओठ दातात धरून बसायची. बाबा सिग्नलला थांबल्यासारखे निवांत थांबायचे आणि कधीकधी डुलकी काढायचे. मामा आला की त्याला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ यायची. एकदा तर वाळू मध्येच अडकली. आईने दादाला "चहा घेणार का?" एवढंच विचारलं होतं. सगळे घड्याळाकडे बघत बसले. नियम म्हणजे नियम, कुणी हूं की चूं करेना. शेवटी दादानेच घड्याळाला टिचकी मारली आणि म्हणाला, "गार झाला. आता नको."

पण उत्तरं यायला लागली, हे खरं. "मला दूध नको. आधीपासूनच नको." आईने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं "हो, आवडतं त्याला" असं मीच सांगत आले होते. आता पीत होता म्हणजे आवडतच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. मग म्हणाला, आंघोळ रात्री करणार. मग म्हणाला, माझ्या खोलीला आतून कडी पाहिजे. आणि बाबांनी सुट्टीच्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडी बसवून दिली! आमच्या घरात आतून कडी लागणारी ती पहिली खोली. मी अजून आईच्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी झोपत होते.

माझ्यासाठी घरात कुणी एक श्वासभर थांबत नव्हतं. एकदा मी धीर करून म्हणाले, "आई, मला वाटतंय की मी पुढे..."

"हो हो, कळलं, चप्पल तुटलीये ना? बघू पुढच्या महिन्यात."

चप्पल तुटली होती हे खरं, पण मला ते म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं ते मग माझं मीच विसरले. आणि टेबलावर ते घड्याळ! कानामागून आलं आणि तिखट झालं. काचेच्या एवढ्याशा वस्तूवर एखादी मुलगी जळते म्हटल्यावर तिला कोण शहाणी म्हणेल? पण जळत होते. दादासाठी सगळं घर श्वास रोखून बसायचं आणि ते बघून माझ्या पोटात अक्षरशः दुखायचं.

मग वेताच्या खुर्च्यांचं प्रकरण सुरू झालं. ताई शेवटच्या वर्षाच्या मुलांना वेगवेगळी कामं दाखवायला न्यायच्या. छापखाना, बेकरी, रोपवाटिका असं बरंच दाखवलं. दादा सगळीकडून कोऱ्या चेहऱ्याने परत आला. एक दिवस ते बाजारामागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात गेले. कारखाना म्हणायचा एवढंच, एक लांबट खोली. जुन्या खुर्च्यांच्या बैठका तिथे वेताने पुन्हा विणून देतात. भिंतीला टांगलेल्या चौकटी, पाण्याच्या टबात मऊ व्हायला टाकलेल्या वेताच्या पट्ट्या, आणि मधोमध एक काकू, मांडीवर उलटी खुर्ची घेतलेली. उलटी! दादाला आणखी काय हवं होतं? तो दारातच खाली बसला आणि उठेचना.

त्यानंतर दर शनिवारी तो तिथे जायला लागला. अर्थात मला बरोबर घेऊन, म्हणजे आई मला पाठवायची. मी दाराशी स्टुलावर बसून बघायची. ज्या दादाने मला कधी बोटसुद्धा नीट धरू दिलं नाही, तो काकूंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. काकू पट्टी भोकातून वर द्यायच्या, हा ओढून घ्यायचा, लाकडी खुंटी मारायचा. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरक्या. काकू काही प्रेमळ वगैरे नव्हत्या. तोंडाने फटकळ, दिवसभर रेडिओ चालू.

"रेडिओ नको," दादा पहिल्याच शनिवारी म्हणाला.

"जागा माझी, रेडिओ माझा," काकू म्हणाल्या. "सकाळी लागणारच. दुपारी बंद ठेवीन हवं तर."

दादा गप्प. तिथे घड्याळबिड्याळ नव्हतं, पण काकू पट्ट्या निवडत बसल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "दुपारी बंद. चालेल." बस्स, व्यवहार झाला. आमच्या घरी एवढ्यासाठी मामाला बोलवावं लागलं असतं.

एकदा त्याची तिरकी पट्टी वरून जायची ती खालून गेली. काकूंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "अडकतंय. उसव सगळं." मी स्टुलावरून उठलेच. आमच्या घरात दादाला "पुन्हा कर" असं कधी कुणी म्हणत नाही. त्याचं बिघडलं की ते मी गुपचूप नीट करते, तीच पद्धत. मला वाटलं, आता हा कान दाबून ओरडणार. त्याने जोरात मान हलवली, दोनदा हात झटकले, मग खाली बसून एक एक पट्टी उसवायला लागला. काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही. आणि मी, जन्मभर त्याची पट्टी सरळ करत आलेली, तिथे दाराशी बिनकामाची उभी. त्या बाईचा इतका राग आला मला की घरी जाताना मी दादाशी एक शब्द बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नसणार.

आता प्रश्न एवढाच उरला होता. शाळा संपल्यावर दादा मामाच्या दुकानात जाणार की काकूंकडे? आणि तो जिथे जाणार, तिथे त्याला सोडायला-आणायला मी जाणार, कारण शेपूट कधी वेगळं ठरवतं का? आई वेतकामाचं नाव काढलं की कपाळाला हात लावायची. "एवढं कॉम्प्युटर सोडून खुर्च्या विणणार? आणि त्या गल्लीत?" मामा तर रुसूनच बसला होता.

ताईंनी आमच्या शाळेत एक रीत पाडली होती. शेवटच्या वर्षी मुलाने स्वतःची बैठक स्वतः बोलवायची. कुणाला बोलवायचं, कोण आधी बोलणार, सगळं त्याने ठरवायचं. दादा एकेकाकडे गेला. आई भांडी घासत होती, तिला म्हणाला, "रविवारी दुपारी शाळेत ये. माझी बैठक आहे." बाबा बुटाची नाडी बांधत होते, त्यांना म्हणाला. मामाच्या दुकानात जाऊन त्याला म्हणाला, शनिवारी काकूंना म्हणाला. मी वाट बघत होते. तो माझ्या शेजारून गेला, माठातलं पाणी प्यायला, पेला जागेवर ठेवला आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामाला आमंत्रण, ज्याला वाळूचे चार कण पडेपर्यंत दम निघत नाही! कालपरवा भेटलेल्या काकूंना आमंत्रण! आणि जी पहिलीपासून त्याच्या बाकावर बसली, तिला नाही. आई म्हणाली, "तू चल गं. बाहेर बस. लागलीस तर बोलावू."

रविवारी मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आत ग्रंथालयाची छोटी खोली. दाराला वर काच होती आणि झरोका उघडा होता, त्यामुळे दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. दादाने टेबलावर घड्याळ ठेवलं. "शाळा संपल्यावर मी काय करायचं, ते ठरवायचंय. आधी मामा बोल," तो म्हणाला. मामा बोलला, भरपूर बोलला. मग आई बोलली. काकू म्हणाल्या, "मला माणूस लागतंय. याचा हात बरा आहे. पुढचं त्याचं तो." मग बाबांनी विचारलं, "तुला काय वाटतं, बाळा?" आणि घड्याळ उलटं केलं.

आत शांतता. मला ठाऊक होतं तो काय म्हणणार. म्हणणार, शेपूट असेल तिथे जाईन. ते ऐकून वैतागायची माझी तयारी होती आणि सुखावायचीही.

इतक्यात मामाचा धीर सुटला. खुर्ची सरकली, दार उघडलं. "शेपटे, ये बघू आत. याला नक्की काय म्हणायचंय ते सांगून टाक. उगाच सगळ्यांचा खोळंबा."

मी ताडकन उठले. शेवटी लागलेच ना मी! उत्तर अगदी जिभेवर होतं.

दादाने वळूनही बघितलं नाही. "मामा, दार लाव," तो म्हणाला. "अजून वाळू आहे."

दार माझ्या नाकासमोर बंद झालं. मी तशीच उभी, काचेतून आता फक्त मामाची पाठ दिसत होती. वाळू संपली असावी, कारण झरोक्यातून दादाचा आवाज आला. "मी वेतकाम करणार. दुकानात जाणार नाही. बसने जाणार. एकटा."

"एकटा?" आई म्हणाली. "शेपटीला असू दे ना रे बरोबर."

पुन्हा शांतता. कुणीतरी घड्याळ उलटं केलं असणार. मग दादा म्हणाला, "नको."

दुधाला म्हणाला होता, अगदी त्याच आवाजात.

बैठक संपली तेव्हा आईचे डोळे लाल होते आणि बाबा दादाच्या खांद्याला हात न लावता त्याच्या शेजारी उभे होते. मामाने सगळ्यांना गाडीतून घरी सोडतो म्हटलं. दादा म्हणाला, "मी बसने येतो." आई सवयीने माझ्याकडे वळली, "शेपटे, तू याच्याबरोबर..." आणि थांबली. तिने दादाकडे बघितलं.

"तिला विचार," दादा म्हणाला.

"जातेस ना गं?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडीत जाऊन बसली.

थांब्यावरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. मी कितीतरी वेळ दात आवळून बसले होते, पण किती वेळ बसणार? "मला का नाही बोलावलंस?" मी विचारलं.

"बोलावलंस," तो पुटपुटला. रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू आत असलीस की सगळे तुला विचारतात. मग मी बोलत नाही."

"म्हणजे मी काय बाहेर उन्हात मरायचं?"

"मरायचं नाही," दादा गंभीरपणे म्हणाला.

मग मात्र माझा बांध फुटला. "तुला सगळे विचारतात! तुझी वाळू, तुझी कडी, तुझी बैठक! मला कधी कुणी विचारलंय? माझं कॉलेज तुझ्या दुकानासमोरचं. आता तू त्या दुकानात जाणारच नाहीस, मग मी त्या कॉलेजात जाऊन काय करू? तू तर मला नको म्हणून मोकळा झालास. तुझं ठरलं. माझं काय?"

मी नाक पुसत होते. रस्त्यावरचा एक माणूस आमच्याकडे वळून बघत गेला. दादा "काय" असं स्वतःशी म्हणाला. मग त्याने पिशवीत हात घातला, घड्याळ काढलं आणि आमच्या मधल्या जागेत बाकावर ठेवलं.

"तुला काय पाहिजे?" त्याने विचारलं, आणि ते उलटं केलं.

मी तोंड उघडलं. दादाला काय हवं, काय नको, काय टोचतं, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. माझं काही आलंच नाही. निळी वाळू खाली पडत होती आणि मी तिच्याकडे बघत बसले होते. दादा माझ्याकडे बघत नव्हता. पण तो थांबला होता, हे मला कळत होतं. कुणी माझ्यासाठी थांबलं की कसं वाटतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. वाळू संपली. त्याने घड्याळ पुन्हा उलटं केलं.

कोपऱ्यावरून बस आली. थांब्याशी उभी राहिली, दार उघडलं. मी सवयीने उठले आणि त्याची पिशवी उचलली.

"दादा, बस आलीये."

दादा बसूनच राहिला. ड्रायव्हरने वाकून आमच्याकडे बघितलं.

"अरे, बस!"

"वाळू आहे अजून," दादा म्हणाला.

ड्रायव्हरने दार लावलं आणि बस निघून गेली. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले.